शंभर डॉलरला विकलेली पाणबुडी: 'हॉलंड'ची दहा वर्षांची नोकरी

ज्यांना आत्ता कानात इयरफोन घालणं शक्य नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना घसरलेले दोन-चार शब्द सरळ केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका भंगाराच्या व्यवहारापासून करू.

१८ जून १९१३. अमेरिकेच्या नौदलानं एक जुनी बोट फिलाडेल्फियाच्या एका भंगार कंपनीला विकली. किंमत किती? १०० डॉलर. हीच बोट नौदलानं तेरा वर्षांपूर्वी १ लाख ५० हजार डॉलर मोजून घेतली होती.

पण खरी गंमत पुढे आहे. विकताना नौदलानं एक अट घातली. घेणाऱ्यानं ५,००० डॉलरची हमी भरायची, की ही बोट मोडीतच काढली जाईल आणि पुन्हा पाण्यात चालवली जाणार नाही. म्हणजे बघा, वस्तू शंभराची आणि तिच्यासाठी हमी पाच हजारांची!

ही बोट म्हणजे 'यूएसएस हॉलंड'. अमेरिकेच्या नौदलात रीतसर दाखल झालेली पहिली पाणबुडी.

मी हिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगतो, निराश झालो. मला वाटलं होतं की पहिली पाणबुडी म्हणजे कुठलं तरी युद्ध, कुठलं तरी जहाज बुडवलेलं, काहीतरी थरार असणार. सापडलं काय? दहा वर्षांची नोकरी आणि शत्रूवर सोडलेले टॉर्पेडो शून्य. एकदाही ती लढाईला गेली नाही. मग प्रश्न पडला की हिनं दहा वर्षं केलं तरी काय? आणि त्याचं उत्तर शोधताना मला ही बोट जास्तच आवडायला लागली. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

आधी मास्तरांना भेटू

बोटीचं नाव हॉलंड, आणि ती बनवणाऱ्या माणसाचं नावही हॉलंड. जॉन फिलिप हॉलंड. गोंधळ नको म्हणून आपण बोटीला 'हॉलंड' म्हणू आणि माणसाला 'मास्तर'. कारण ते खरोखरच शाळामास्तर होते.

मास्तरांचा जन्म १८४१ सालचा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिस्कॅनर गावातला. वडील किनारा-रक्षक दलात. घरात बोलायचे आयरिश, आणि इंग्रजी नीट आली ती शाळेत गेल्यावर. आपल्यातल्या किती जणांची हीच गोष्ट आहे, नाही का? त्यांच्या लहानपणीच आयर्लंडमध्ये बटाट्याचा तो भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं गेली, लाखो देश सोडून गेली. इंग्रजांच्या राज्याबद्दलचा राग त्या पिढीच्या मनात बसला तो तेव्हापासून.

ते एका धार्मिक शिक्षणसंस्थेत दाखल झाले आणि मुलांना शिकवू लागले. डोक्यात मात्र एक विचार घोळत होता. इंग्लंडचं आरमार जगात सगळ्यात मोठं. त्याच्याशी पाण्यावर लढणं अशक्य. मग पाण्याखालून गेलं तर?

१८७३ मध्ये तब्येतीच्या कारणानं त्यांनी ते काम सोडलं आणि अमेरिका गाठली. तिथे पोचल्यावर बर्फावरून घसरून पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या पाणबुडीची जुनी रेखाटनं पुन्हा काढून बसले. बरे झाल्यावर न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात पुन्हा मास्तरकी. १८७५ मध्ये त्यांनी आपला आराखडा अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलाचं उत्तर थोडक्यात असं की, हे चालायचं नाही.

मग पैसा आला कुठून? अमेरिकेत राहणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांकडून, ज्यांना फेनियन म्हणत. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी त्यांनी निधी जमवला होता. त्यातून मास्तरांनी १८७८ मध्ये पसाइक नदीत पहिली छोटी बोट उतरवली. लांबी जेमतेम साडेचौदा फूट. ती चालली. मग १८८१ मध्ये दुसरी, मोठी बोट, जिला लोक 'फेनियन रॅम' म्हणू लागले. ती तर आणखी छान चालली. पण क्रांतिकारकांच्यात आपसात पैशांवरून भांडणं लागली आणि १८८३ मध्ये त्यांच्यातल्याच काही जणांनी ती बोट रातोरात पळवून नेली! नेली खरी, पण चालवायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनीही मग त्या लोकांशी संबंध तोडला.

हे लक्षात ठेवा. बोट हातात असणं वेगळं आणि ती चालवणारी माणसं असणं वेगळं. आपल्या आजच्या गोष्टीचा गाभा हाच आहे.

पाण्याखाली जाणं सोपं, तिथे राहणं अवघड

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

बुडायला काय लागतं? वजन वाढवा, बुडाल. पण पाणबुडीला बुडायचं नसतं, तिला ठरवलेल्या खोलीवर राहायचं असतं. तेव्हाचे बरेच संशोधक काय करायचे? टाक्यांत पाणी घेऊन बोट सरळ खाली बसवायला बघायचे, लिफ्ट खाली जाते तशी. अडचण अशी की बोट पाण्यापेक्षा किंचितही जड झाली की ती खाली जातच राहते. मध्ये थांबत नाही. आणि किंचित हलकी झाली की वर येतच राहते. बरोबर मधलं वजन साधणं म्हणजे पेन्सिल टोकावर उभी करण्यासारखं.

मास्तरांनी ही लिफ्टची कल्पनाच सोडून दिली. ते म्हणाले, बोट नेहमी पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवायची. मग खाली जायचं कसं? नाक खाली करून, पुढे पोहत. मागच्या बाजूला आडवी सुकाणं लावायची, ती वळवली की बोट डॉल्फिनसारखी तिरकी खाली जाते, आणि पुढे चालत असेपर्यंत त्याच खोलीवर धरून ठेवता येते. यात आणखी एक फायदा आहे. मोटर बंद पडली तर? बोट हलकी असल्यामुळे आपोआप वर येते. आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं हे केवढं मोठं आहे, विचार करा.

दुसरी गोष्ट टाक्यांची. पाण्याचा टँकर अर्धा भरलेला असेल तर वळणावर ड्रायव्हरची काय अवस्था होते, ते गावाकडच्या कुणालाही विचारा. आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडायला बघते. पाणबुडीत तेच होतं. नाक खाली केलं की टाकीतलं पाणी पुढे धावणार, नाक आणखी खाली जाणार. मास्तरांचा उपाय असा, की पाण्याखाली जाताना मुख्य टाक्या काठोकाठ भरायच्या. आत हलायला जागाच ठेवायची नाही.

तिसरी गोष्ट वजनाच्या हिशोबाची. टॉर्पेडो सोडला की पुढचं केवढं तरी वजन एकदम कमी होतं आणि नाक वर उसळतं. म्हणून तेवढंच पाणी लगेच आत घेऊन तोल सांभाळायचा. गेलं तेवढं भरून काढायचं. अगदी दुकानाच्या वहीसारखं.

आणि चौथी गोष्ट, ज्यामुळे सगळं जुळून आलं. दोन इंजिनं. पाण्यावर असताना पेट्रोलचं इंजिन, ४५ हॉर्सपॉवरचं. पाण्याखाली बॅटरीवर चालणारी विजेची मोटर, कारण तिला हवा लागत नाही. आणि पाण्यावर असताना त्याच पेट्रोल इंजिनानं मोटर फिरवून बॅटऱ्या पुन्हा चार्ज करायच्या. थोडक्यात, वर आलात की पॉवरबँक भरून घ्या, खाली गेलात की वापरा.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या, म्हणजे आयएनएस कलवरी, खांदेरी वगैरे, डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. पेट्रोलऐवजी डिझेल आलं, बाकी सगळं शंभरपट सुधारलं, पण वर इंजिन, खाली बॅटरी ही मांडणी तीच.

परीक्षेवर परीक्षा

१८९५ मध्ये शेवटी अमेरिकी नौदलानं मास्तरांच्या कंपनीला एक कंत्राट दिलं, 'प्लंजर' नावाच्या बोटीचं. पण अटी अशा की तिच्यात वाफेचं इंजिन बसवावं लागलं. बंद डब्यात वाफेचा बॉयलर! आतला उकाडा माणसाला सहन होईना. मास्तर कळून चुकले की ही बोट काही पास होणार नाही. मग कंपनीनं स्वतःच्या पैशांनी, मास्तरांच्या मनाप्रमाणे वेगळी बोट बांधायला घेतली. तीच आपली 'हॉलंड'. मास्तरांची सहावी.

१७ मे १८९७ रोजी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावच्या गोदीत ती पाण्यात उतरली. लांबी ५३ फूट १० इंच, म्हणजे साडेसोळा मीटरच्या आत. दीड एसटी बस धरा. मी मध्यंतरी विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा बघून आलो. आपली निवृत्त पाणबुडी, आता किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली. ती ९१ मीटर लांब आहे, तरी आत फिरताना मी दोनदा डोकं आपटून घेतलं. 'हॉलंड' तिच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. त्यात सहा माणसं, एक टॉर्पेडो नळी, इंजिन, मोटर आणि बॅटऱ्या. पेरिस्कोप नाही. कप्तान वरच्या छोट्या मनोऱ्यात उभा राहणार आणि जाड काचेच्या झरोक्यांतून बघणार. म्हणजे दिशा बघायची तर वर यायचं, नजर टाकायची, पुन्हा बुडी मारायची.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक भानगड झाली. बोट धक्क्याला बांधलेली असताना कुणा कामगाराकडून एक झडप उघडी राहिली. रात्रीत बोट बुडाली. पूर्ण बांधून झालेली बोट, अठरा तास खाऱ्या पाण्यात! मोटर गेली असंच सगळ्यांना वाटलं. तेव्हा मोटर बनवणाऱ्या कंपनीकडून फ्रँक केबल नावाचा माणूस आला. त्यानं मोटरीत वीज अशी सोडली की ती आतूनच तापत गेली आणि वाळली. मोटर वाचली. हाच केबल पुढे चाचण्यांत बोटीचा चालक झाला.

१७ मार्च १८९८, सेंट पॅट्रिकचा दिवस, म्हणजे आयरिश लोकांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी न्यूयॉर्कजवळ स्टॅटन आयलंडच्या पाण्यात 'हॉलंड'नं पहिली यशस्वी बुडी मारली. महिन्याभरात नौदल खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं मंत्र्यांना लिहिलं की ही बोट विकत घ्यावी. त्याचं नाव थिओडोर रूझवेल्ट. हो, तेच जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ते लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

तरी नौदलानं आणखी दोन वर्षं लावली. पुन्हा चाचणी, पुन्हा अहवाल, पुन्हा हे बदला, ते बदला. सरकारी फाईल जगात सगळीकडे सारखीच फिरते.

शेवटी कंपनीनं बोट थेट वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीत नेली. १४ मार्च १९०० रोजी बड्या मंडळींसमोर प्रात्यक्षिक झालं. बघायला ॲडमिरल ड्यूई होते. मनिला उपसागरात स्पेनचं आरमार बुडवणारे, अमेरिकेचे तेव्हाचे सगळ्यात मोठे नाविक हिरो. नंतर संसदेच्या समितीपुढे ते म्हणाले की मनिलात शत्रूकडे अशा दोन बोटी असत्या, तर मला तिथे टिकून राहता आलं नसतं. या एका साक्षीनं काम केलं. ११ एप्रिल १९०० रोजी नौदलानं 'हॉलंड' विकत घेतली. अमेरिकेत हीच तारीख आजही पाणबुडी दिन म्हणून पाळतात.

नोकरी सुरू

१२ ऑक्टोबर १९०० रोजी न्यूपोर्टला ती रीतसर नौदलात दाखल झाली. कप्तान लेफ्टनंट हॅरी कॅल्डवेल. पण दाखल होण्याआधीच, सप्टेंबरच्या युद्धसरावात तिनं एक कमाल करून दाखवली होती. रात्रीच्या अंधारात, फक्त मनोरा पाण्याबाहेर ठेवून, ती 'कीअरसार्ज' या प्रचंड युद्धनौकेच्या अगदी जवळ पोचली. युद्धनौकेवर कुणाला पत्ताच नाही. मग 'हॉलंड'नं इशारा केला की तुम्हाला आम्ही बुडवलंय! ११ हजार टनांच्या जहाजाला ७४ टनांच्या बोटीनं खोटं खोटं का होईना, मारलं.

तिच्या सबंध आयुष्यातली 'लढाई' म्हणायची तर हीच.

दाखल झाल्यावर चारच दिवसांनी तिला दुसऱ्या बोटीनं ओढत ॲनापोलिसला नेलं. ॲनापोलिस म्हणजे अमेरिकेची नौदल अकादमी. एखाद्या आरमारी तळावर न पाठवता तिला कॉलेजात पाठवलं. आणि इथून पुढे, मधला न्यूपोर्टचा एक उन्हाळा सोडला तर, जुलै १९०५ पर्यंत ती तिथेच होती.

काम काय? शिकवणं. अकादमीतली तरुण पोरं यायची, आत उतरायची, झडपा कुठल्या क्रमानं उघडायच्या, टाक्या कशा भरायच्या, नाक खाली गेलं तर काय करायचं, हे हातानं करून शिकायची. त्याच वेळी नौदलानं आणखी सात बोटी बांधायला दिल्या होत्या. त्या बोटींवर जाणारे अधिकारी आणि खलाशीही आधी इथे 'हॉलंड'वर शिकून जायचे.

जानेवारी १९०१ मध्ये ती ॲनापोलिसहून नॉर्फोकला पाण्यावरून स्वतःच्या इंजिनावर गेली. १६६ मैल. आज ऐकायला काहीच वाटत नाही. पण पेट्रोल किती लागतं, बोट लाटांवर कशी वागते, आतली माणसं किती दमतात, ही माहिती तोपर्यंत नौदलात कुणाकडेच नव्हती. या एका प्रवासानं ती मिळाली.

आठवतं, फेनियन मंडळींनी बोट पळवली पण चालवता आली नाही? नौदलानं नेमकी तीच चूक टाळली. आधी माणसं तयार केली. एका शाळामास्तरानं बनवलेली बोट स्वतःच शाळा झाली. मला यात काव्य वगैरे शोधायचं नाहीये, पण योगायोग भारी आहे, हे मान्य करा.

शाळेतला धूर

पण ही शाळा सुरक्षित होती का? अजिबात नाही. तिचा सगळ्यात मोठा दोष होता पेट्रोल. बंद जागेत पेट्रोलची वाफ आणि इंजिनाचा धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस नुसता सुस्तावतो आणि पडतो. १८९९ मध्ये चाचण्यांच्या काळातच लाँग आयलंडजवळ असा धूर आत साठला आणि आतली माणसं बेशुद्ध पडली होती. नशीब, वाचली.

सगळे वाचले असं नाही. मास्तरांच्या आराखड्यावरून इंग्लंडनंही पाणबुड्या बांधल्या. त्यांच्यावर पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवायचे. उंदीर आधी लुडकला की समजायचं हवा बिघडली. पण उंदराला पेट्रोलच्या स्फोटाची सूचना देता येत नाही. फेब्रुवारी १९०५ मध्ये आयर्लंडच्या क्वीन्सटाऊन बंदरात, त्याच घराण्यातल्या 'ए-५' या इंग्रज पाणबुडीत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. सहा जण गेले. पुढे सगळ्याच नौदलांनी पेट्रोल सोडून डिझेल धरलं. अमेरिकेनं ते पाणबुड्यांत आणलं साधारण १९१२ मध्ये.

आणि एवढा धोका पत्करणाऱ्या खलाशांना मिळत काय होतं? इथे रूझवेल्ट परत येतात, आता राष्ट्राध्यक्ष म्हणून. २५ ऑगस्ट १९०५ रोजी ते स्वतः एका पाणबुडीत उतरले. बोटीचं नाव 'प्लंजर', पण ती वाफेवाली नाही. 'हॉलंड'नंतर बांधलेल्या सात बोटींतली ही दुसरी, त्याच नावाची. पाण्याखाली जाऊन आले आणि त्यांना कळलं की नौदलाच्या नियमात पाणबुडीवरची नोकरी म्हणजे चक्क 'किनाऱ्यावरची नोकरी' धरली जाते! जीव धोक्यात, आणि कागदावर बसून काम. रूझवेल्टनी तो नियम बदलायला लावला आणि खलाशांना जादा पगार दिला, शिवाय बुडी मारलेल्या दिवसाचा वर एक डॉलर. साहेबानं खाली येऊन बघितलं की नियम कसा बदलतो, त्याचं हे उत्तम उदाहरण.

मास्तरांचं काय झालं?

इथे गोष्ट जरा कडू होते.

१८९९ मध्ये आयझॅक राइस नावाच्या उद्योगपतीनं मास्तरांची कंपनी आणि इतर काही कंपन्या एकत्र करून 'इलेक्ट्रिक बोट' कंपनी काढली. पैसा त्यानं आणला, हे मान्य करायलाच हवं. त्याशिवाय 'हॉलंड' नौदलापर्यंत पोचलीच नसती. पण मास्तरांची पेटंटं कंपनीच्या ताब्यात गेली. नवीन बोटींचे निर्णय दुसरेच लोक घेऊ लागले. १९०४ मध्ये मास्तरांनी राजीनामा दिला. स्वतःची नवी कंपनी काढायला गेले, तर इलेक्ट्रिक बोटनं त्यांना कोर्टात खेचलं. ज्या तंत्रावर आयुष्य घालवलं, तेच तंत्र वापरायला बंदी.

दुसरा चटका त्याहून मोठा. ज्या इंग्लंडचं आरमार बुडवायचं म्हणून हा सगळा उद्योग सुरू झाला, त्याच इंग्लंडला कंपनीनं परवाना देऊन आराखडे दिले. इंग्लंडच्या पहिल्या पाणबुडीचं नाव काय? 'हॉलंड १'. आयरिश क्रांतिकारकांच्या पैशांतून सुरू झालेलं काम शेवटी इंग्रजांच्या गोदीत जाऊन पोचलं. जपाननंही याच जातीच्या पाच बोटी घेतल्या.

मास्तर १२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यू जर्सीत वारले. पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. सहा आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला 'यू-९' या एका जर्मन पाणबुडीनं इंग्लंडच्या तीन मोठ्या युद्धनौका तास-दीड तासात बुडवल्या. १,४०० हून जास्त माणसं मेली. पाणबुडी काय करू शकते, हे जगाला त्या दिवशी कळलं. ते बघायला मास्तर नव्हते. खरं सांगू, नव्हते तेच बरं, असंही वाटतं.

आणि बोटीचं?

१९०५ नंतर 'हॉलंड' नॉर्फोकला होती. तोवर नव्या बोटी आल्या होत्या, मोठ्या, जास्त ताकदीच्या. आणि त्यांच्यावर काम करणारे किती तरी जण हिच्यावरच पहिली बुडी मारून गेलेले. विद्यार्थी पुढे गेले, शाळा मागे राहिली. २१ नोव्हेंबर १९१० रोजी नौदलाच्या यादीतून तिचं नाव काढलं. १९१३ ला शंभर डॉलरचा तो व्यवहार.

मोडीत काढायची अट असूनही ती लगेच संपली नाही. रिकामा सांगाडा काही वर्षं लोकांना बघायला म्हणून ठेवला गेला, शेवटी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या स्टारलाइट पार्क नावाच्या करमणूक बागेत. तिकीट काढून पाळण्यात बसा, मग पाणबुडी बघा. १९३२ मध्ये तिथूनही उचलून भंगारात तोडली. आज ती कुठेच नाही.

उलट गोष्ट बघा. मास्तरांच्या त्या पहिल्या दोन बोटी, ती साडेचौदा फुटी आणि ती पळवलेली 'फेनियन रॅम', आज पॅटरसनच्या संग्रहालयात आहेत. इंग्लंडची 'हॉलंड १' ओढून नेताना १९१३ मध्ये बुडाली होती. ती १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढली आणि आता गॉस्पोर्टच्या संग्रहालयात आहे. जी बुडाली ती वाचली. जी नोकरी पूर्ण करून घरी आली, तिचे तुकडे झाले.

मग मला यातून काय मिळालं?

सुरुवातीला मी म्हणालो की मी निराश झालो होतो. कारण मी चुकीची गोष्ट मोजत होतो. किती जहाजं बुडवली, हा प्रश्न मी विचारत होतो. विचारायला हवं होतं, की किती माणसं हिच्यामुळे तयार झाली?

पहिल्या यंत्राचं काम जिंकणं नसतं. चुका सगळ्यात आधी आपल्या अंगावर घेणं, आणि पुढच्यांना त्या कराव्या लागू नयेत एवढं शिकवून ठेवणं, हे त्याचं काम. 'हॉलंड'नं ते दहा वर्षं केलं. तिच्याकडून बरोबर काय ते शिकले, म्हणजे हलकी बोट, भरलेल्या टाक्या, वर इंजिन आणि खाली बॅटरी. आणि चूक काय तेही शिकले, म्हणजे पेट्रोल.

आपल्या देशाचा पाणबुडी दिन असतो ८ डिसेंबरला. १९६७ मध्ये त्या दिवशी पहिली आयएनएस कलवरी नौदलात आली. विशाखापट्टणमला गेलात तर कुरसुरात नक्की उतरा, आणि उतरताना डोकं सांभाळा. त्या अरुंद बोळातून वाकून जाताना एक मिनिट त्या दीड एसटीएवढ्या बोटीची आठवण काढा, जिच्यात सहा माणसं, पेट्रोलचा वास आणि बाहेर बघायला एवढासा झरोका होता.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात, कॉलेजात, गावात असं एखादं 'पहिलं' यंत्र आहे का, ज्याच्यावर सगळे शिकले आणि मग ते भंगारात गेलं? वडिलांची पहिली स्कूटर असेल, शाळेतला पहिला कॉम्प्युटर असेल. कमेंटमध्ये लिहा किंवा व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवीन.

तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू लवकरच!